पाथर्डी फाट्यावरील फ्लॅट, त्याचे भाडे आणि ते सांभाळणारी सेवा: तीन वर्षांचा अनुभव

टपाल खात्यातून निवृत्त झाल्यावर हाती आलेल्या रकमेतून आणि यजमानांच्या भविष्यनिर्वाह निधीतून मे २०२२ मध्ये आम्ही पाथर्डी फाट्याजवळ दोन बेडरूमचा एक तयार फ्लॅट घेतला. राहायला नाशिकरोडचे घर पुरेसे असल्याने हा फ्लॅट केवळ दरमहा भाडे यावे, पेन्शनला जोड मिळावी, एवढ्याच हेतूने घेतला होता. पुढे दोनच महिन्यांत लेकीच्या बाळंतपणासाठी मला पुण्याला जावे लागले आणि तो मुक्काम लांबत गेला, म्हणून फ्लॅट सांभाळण्याचे काम मालमत्ता व्यवस्थापनाची सेवा देणाऱ्या नाशिकमधील एका कंपनीकडे सोपवले. भाडेकरू शोधणे, करार नोंदवणे, भाडे वसूल करून आमच्या खात्यात भरणे, दुरुस्त्या करून घेणे आणि दर तीन महिन्यांनी पाहणीचा अहवाल देणे असे त्यांच्या कामाचे स्वरूप होते. जुलै २०२२ ते एप्रिल २०२५ या काळातील हा अनुभव आहे. माझी तक्रार एका कामापुरती असल्यामुळे आणि ती त्यांनी शेवटी मान्य केल्यामुळे कंपनीचे नाव येथे देत नाही. अशा सेवा आता शहरात अनेक आहेत आणि त्यांच्या अटी बऱ्याच अंशी सारख्या आहेत.

आधी जागेविषयी. गंगापूर रोड, कॉलेज रोड, महात्मानगर या भागांत आम्ही पुष्कळ फ्लॅट पाहिले. तेथील वस्ती उत्तम आहे, पण भाड्यासाठी घर घेणाऱ्याने तेथील किंमत आणि तेथील भाडे यांचे गुणोत्तर पाहावे. किंमत पाथर्डी फाट्याच्या दुप्पट सांगितली जात होती. भाडे मात्र दुप्पट नव्हते. अमृतधाम ते आडगाव या पट्ट्यात महाविद्यालयांमुळे विद्यार्थी भाडेकरू सहज मिळतात, परंतु परीक्षा संपली की खोल्या रिकाम्या होतात आणि दर वर्षी रंगकाम करावे लागते, असे तेथील दोन घरमालकांनी स्वतः सांगितले. पाथर्डी फाटा अंबड औद्योगिक वसाहतीला लागून आहे, सातपूरही तेथून लांब नाही. कारखान्यात नोकरी करणारे, लहान मूल असलेले, दोन-तीन वर्षे एकाच ठिकाणी राहू इच्छिणारे कुटुंब हा आमच्या दृष्टीने सर्वांत योग्य भाडेकरू होता आणि तो तेथे मिळतो. या निवडीबद्दल मला आजही समाधान आहे.

आता सेवेचे शुल्क. वसूल झालेल्या भाड्याच्या ८ टक्के रक्कम दरमहा, नवा भाडेकरू आणल्यावर अर्ध्या महिन्याचे भाडे, आणि या दोन्हींवर १८ टक्के जीएसटी, असा दर होता. दुरुस्तीचा खर्च वेगळा. हे आकडे प्रथमदर्शनी किरकोळ वाटतात. ते किती होतात हे वर्षअखेरीस सगळ्या पावत्या एकत्र मांडल्यावरच लक्षात येते, म्हणून २०२३-२४ या आर्थिक वर्षाचा माझा हिशेब येथे पूर्ण देते.

फ्लॅटची किंमत ३६ लाख होती. मुद्रांक शुल्क, नोंदणी, वकील, दलाली, खिडक्यांच्या जाळ्या, पंखे, गीझर आणि स्वयंपाकघरातील ट्रॉल्या मिळून आणखी ४ लाख गेले. म्हणजे गुंतवणूक ४० लाखांची. भाडे १४,००० रुपये. पहिला भाडेकरू ११ महिने पूर्ण करून मेअखेर बाहेर पडला, जून महिना रिकामा गेला आणि जुलैपासून दुसरे कुटुंब आले, त्यामुळे वर्षभरात ११ महिन्यांचे १,५४,००० रुपये मिळाले. त्यातून कंपनीचे मासिक शुल्क जीएसटीसह १४,५३८ रुपये आणि नव्या भाडेकरूसाठीचे ८,२६० रुपये गेले. सोसायटीचा मेन्टेनन्स १८,०००, भाडेकरू ठेवल्याबद्दल सोसायटीचे बिनभोगवटा शुल्क १,२००, घरपट्टी ६,४००, आणि मधल्या महिन्यात केलेले रंगकाम व गीझरची दुरुस्ती ११,३००. एकूण खर्च ५९,६९८ रुपये. हातात राहिले ९४,३०२. महिन्याला भागले तर ७,८५८ रुपये, आणि गुंतवणुकीवर टक्केवारी काढली तर २.३६.

हा आकडा पाहून आम्ही दोघेही काही वेळ गप्प बसलो होतो. दलाल, बिल्डरचे प्रतिनिधी आणि ओळखीचे लोक सांगतात तो आकडा १४,००० गुणिले १२ भागिले ३६ लाख असा असतो आणि तो साडेचार टक्क्यांच्या पुढे जातो. त्यात नोंदणीचा खर्च धरलेला नसतो, रिकामा महिना धरलेला नसतो, मेन्टेनन्स मालकाच्या माथी आहे हेही धरलेले नसते. भाड्याने देण्यासाठी घर घेणाऱ्या प्रत्येकाने भाड्याची पाटी न पाहता वर्षाअखेर खात्यात उरणारी रक्कम पाहावी, असे मी कळकळीने सांगते, कारण निवृत्तीनंतर या रकमेवरच औषधपाणी आणि येणे-जाणे चालायचे असते.

आयकराची बाजूही अनेकांना अर्धवट माहीत असते. घरभाड्याच्या उत्पन्नातून प्रत्यक्ष भरलेली घरपट्टी वजा होते आणि उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट वजावट मिळते. मेन्टेनन्स, दुरुस्ती, रंगकाम, व्यवस्थापनाचे शुल्क हे सगळे त्या ३० टक्क्यांतच आले असे कायदा मानतो. त्यासाठी वेगळी वजावट नाही. माझ्या बाबतीत १,५४,००० मधून ६,४०० वजा जाता १,४७,६०० राहिले, त्याचे ३० टक्के ४४,२८० झाले आणि करपात्र उत्पन्न १,०३,३२० ठरले. घरपट्टी सोडून माझा प्रत्यक्ष खर्च मात्र ५३,२९८ होता. म्हणजे जे पैसे माझ्या हाती आलेच नाहीत, त्यातील सुमारे ९,००० रुपयेही करपात्र उत्पन्नात धरले गेले. व्यवस्थापनाची सेवा घेताना शुल्क ८ टक्के आहे की १० टक्के, हा प्रश्न यामुळेच महत्त्वाचा ठरतो. स्वतः राबून घर सांभाळणाऱ्या मालकाला ३० टक्क्यांची वजावट तेवढीच मिळते आणि त्यातला बराच भाग त्याच्याकडेच राहतो.

आम्ही कर्ज घेतले नव्हते. ज्यांना कर्ज काढून असा फ्लॅट घ्यायचा आहे त्यांनी एक गोष्ट कागदावर मांडून पाहावी. २५ लाखांचे कर्ज साडेआठ टक्के दराने २० वर्षांसाठी घेतले तर मासिक हप्ता सुमारे २१,७०० रुपये येतो. माझ्या हिशेबातील ७,८५८ रुपये त्यात घातले तरी दरमहा १३,८०० च्या वर खिशातून भरावे लागतील. जुन्या करप्रणालीत व्याजामुळे होणारा घराच्या उत्पन्नातील तोटा पगारासारख्या इतर उत्पन्नातून वर्षाला २ लाखांपर्यंत वजा करता येतो. नव्या करप्रणालीत ती सोय नाही. पुढे जागेची किंमत वाढेल, या भरवशावर कोणी घेत असेल तर तो वेगळा विचार झाला. दरमहा उत्पन्न हवे असेल तर नाशिकमध्ये आजच्या किमतींना कर्जावर घेतलेला फ्लॅट ते देत नाही, हे माझे स्पष्ट मत आहे. २०२७ च्या सिंहस्थामुळे भाडी वाढतील असेही हल्ली सांगितले जाते. सिंहस्थ १२ वर्षांनी येतो आणि त्याची गर्दी रामकुंड व त्र्यंबकेश्वरच्या परिसरात पर्वणीच्या दिवसांत असते. अंबडमध्ये नोकरी करणारे कुटुंब त्यासाठी ११ महिने जास्त भाडे देणार नाही.

सेवेचा सर्वांत चांगला भाग म्हणजे कराराची नोंदणी. नाशिकमध्ये अजूनही अनेक मालक स्टॅम्प पेपरवर ११ महिन्यांचा करार टाइप करून, नोटरीचा शिक्का मारून मोकळे होतात, आणि ११ महिन्यांच्या आत असल्याने नोंदणी लागत नाही असे ठामपणे सांगतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, मुदत कितीही असो, आणि नोंदणी करण्याची जबाबदारी मालकावर आहे. नोंदणी नसेल तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. त्याहून गंभीर बाब अशी की, नोंदणीकृत करार नसताना वाद झाला तर अटींविषयी भाडेकरू जे सांगेल ते, विरुद्ध पुरावा येईपर्यंत, खरे धरले जाते. उलट नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार असेल आणि मुदत संपूनही कोणी जागा सोडली नाही, तर कलम २४ मुळे सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन ताबा मागता येतो आणि त्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मिळते. घर गमावण्याची जी भीती मालकांच्या मनात असते तिच्यावरचा उपाय कायद्यातच आहे, आणि तो फार महागही नाही.

हे काम कंपनीने प्रत्येक वेळी निर्दोष केले. त्यांचा माणूस अंगठ्याचे यंत्र आणि लॅपटॉप घेऊन पुण्यात आमच्या घरी आला, वीस मिनिटांत माझे काम उरकले, भाडेकरूंचे त्याच आठवड्यात नाशिकमध्ये झाले, आणि चार दिवसांत नोंदणीची प्रत ईमेलवर आली. भाडेकरूची माहिती हद्दीच्या पोलीस ठाण्याला कळवल्याची पोचही त्यासोबत होती. खर्चाचा तपशील मी मागून घेतला. ११ महिन्यांचे एकूण भाडे आणि ४०,००० अनामतीवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेले व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के दराने मुद्रांक शुल्क सुमारे ४००, महापालिका हद्दीतील नोंदणी शुल्क १,०००, दस्त हाताळणी ३००. म्हणजे सरकारी खर्च १,७००. कंपनीने ३,२०० घेतले आणि ते दोघांत निम्मे वाटले. घरपोच सेवेसाठी १,५०० रुपये मला वाजवी वाटले.

अनामत रकमेविषयी मात्र सावध राहावे. त्यांच्या छापील करारात अनामत कंपनीच्या खात्यात राहील असे कलम होते. घर माझे, करार माझ्या नावाचा, मुदत संपल्यावर पैसे परत करण्याची जबाबदारी माझी, आणि रक्कम तिसऱ्याच्या खात्यात, हे मला पटेना. मी ते कलम खोडून माझ्या खात्याचा क्रमांक घालायला लावला. त्यांनी थोडी खळखळ केली, पण केले. भाड्याचेही तसेच होते: भाडेकरू ५ तारखेला भरत असत आणि आमच्या खात्यात ते १२ तारखेच्या आसपास येत असे.

सोसायटीच्या बिलाबाबत मला त्यांच्याकडून अधिक अपेक्षा होती. पहिल्या चार महिन्यांत सोसायटीने भाडेकरूसाठी दरमहा ५०० रुपये जादा लावले आणि कंपनीने ते भाड्यातून निमूटपणे भरून टाकले. सहकारी गृहनिर्माण संस्थांत बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा अधिक घेता येत नाही, असा शासनाचा १ ऑगस्ट २००१ चा आदेश आहे. आमच्या मेन्टेनन्समधील सेवाशुल्क १,००० रुपये असल्याने ही रक्कम १०० रुपयांवर जाऊ शकत नव्हती. मी सचिवांना पत्र लिहिले. ते समजूतदार गृहस्थ आहेत, त्यांनी पुढच्याच सभेत दुरुस्ती करून जादा घेतलेली रक्कम बिलात वळती केली. काम सोपे होते. पण ज्या कंपनीचा व्यवसायच घरे सांभाळण्याचा आहे, तिला हा आदेश ठाऊक असायला हवा होता आणि पत्र तिने लिहायला हवे होते.

आता ज्या प्रसंगामुळे मी ही सेवा बंद केली त्याविषयी. ऑगस्ट २०२४ मध्ये खालच्या मजल्यावरील काकांचा मला पुण्याला फोन आला की त्यांच्या बाथरूमच्या छताला ओल धरली आहे आणि पोपडे सुटू लागले आहेत. मी लगेच कंपनीच्या ॲपवर तक्रार नोंदवली. तिसऱ्या दिवशी ॲपवर काम पूर्ण झाल्याची हिरवी खूण आली, सोबत दोन फोटो आणि दोन अँगल कॉक बदलल्याचे २,८५० रुपयांचे बिल. आठव्या दिवशी काकांचा पुन्हा फोन आला; ओल वाढली होती. अकराव्या दिवशी मी पहाटेची बस धरून नाशिकला आले.

दार उघडणाऱ्या मुलीला मी त्याआधी केवळ कराराच्या फोटोत पाहिले होते. तिच्या कडेवर दीड वर्षांचे बाळ होते. पाणी पुढे करत ती म्हणाली, “काकू, आम्ही तीनदा फोन केला हो. एकदा एक जण आला, नळाखाली टॉर्च मारून बघितलं, फोटो काढले आणि गेला. काहीच बदललं नाही.” मी बाथरूममध्ये जाऊन वाकून पाहिले. बिलात नवे म्हणून लावलेले ते दोन्ही अँगल कॉक जुनेच होते. आटीभोवती क्षारांचे पांढरे कडे जमले होते आणि एकाच्या दांडीवरचा मुलामा उडून पितळ दिसत होते. नळ गळतच नव्हते. अंबड गावातून ओळखीच्या एका मिस्त्रींना बोलावले. त्यांनी कोपऱ्यातील नहाणी ट्रॅपची जाळी काढली, भोवती बोट फिरवले, आणि ते बोट टाइल आणि ट्रॅप यांच्या मधल्या फटीत पेरभर आत गेले. सांध्यातील ग्राऊट निघून गेले होते आणि अंघोळीचे पाणी रोज त्या फटीतून स्लॅबमध्ये उतरत होते. त्यांनी फट साफ करून भरली, भोवतालच्या चार टाइल्सचे सांधे नव्याने ग्राऊट केले, एक दिवस तेथे पाणी पडू देऊ नका असे बजावले आणि १,४०० रुपये घेतले. तिसऱ्या आठवड्यात खालचे छत वाळले. काकांच्या छताचा रंग मी माझ्या खर्चाने करून दिला, कारण चूक कोणाचीही असली तरी घर माझे होते.

कंपनीला फोटोंसह सविस्तर ईमेल लिहिला. पाच आठवड्यांनी त्यांनी २,८५० रुपये परत केले आणि प्लंबर बाहेरचा होता असे कळवले. पैसे परत मिळाले हे नोंदवणे मला आवश्यक वाटते. पण माझे दुःख पैशाचे नव्हते. लहान बाळ घेऊन राहणाऱ्या त्या मुलीने तीनदा फोन केला आणि तिचे म्हणणे माझ्यापर्यंत पोहोचलेच नाही, याचे होते. त्रैमासिक अहवालात तेव्हाही “भाडेकरू समाधानी” असे लिहून आले होते.

एकंदरीत मी या सेवेला पाचपैकी तीन गुण देईन. भाडेकरूची निवड आणि नोंदणी यांसाठी साडेचार द्यायला हरकत नाही. त्यांनी आणलेली दोन्ही कुटुंबे सज्जन होती आणि भाडे एकदाही थकले नाही. भाडे वसुलीसाठी तीन, दुरुस्तीसाठी एक. जे मालक परदेशात आहेत, ज्यांचे नाशिकमध्ये कोणीच नाही, त्यांना पर्याय कमी असल्याने अशी सेवा घ्यावीच लागेल. त्यांनी अनामत स्वतःच्या खात्यात ठेवावी, १,००० रुपयांवरच्या प्रत्येक दुरुस्तीआधी आणि नंतर व्हिडिओ मागावा, भाडेकरूचा नंबर स्वतःजवळ ठेवून महिन्यातून एकदा तरी त्याच्याशी बोलावे. नाशिकमध्येच राहणाऱ्या मालकाने दरमहाचे शुल्क भरण्याचे कारण मला दिसत नाही. ते १४,५३८ रुपये वाचले असते तर माझे २०२३-२४ चे उत्पन्न १,०८,८४० झाले असते, म्हणजे २.७२ टक्के, आकडा अजूनही लहानच आहे, पण माझ्या पेन्शनच्या मानाने तो फरक लहान नाही.

जानेवारी २०२५ मध्ये मी नाशिकला परत आले. एप्रिलमध्ये कराराची मुदत संपली तेव्हा कंपनीकडून केवळ नोंदणीचे काम करून घेतले आणि बाकीची सेवा बंद केली. तेच कुटुंब राहिले आहे. १४,७०० चे भाडे मेपासून १५,४०० झाले असून ते ५ तारखेला थेट माझ्या खात्यात येते. पावसाळ्यापूर्वी मी मिस्त्रींना घेऊन जाऊन नहाणी ट्रॅप आणि पश्चिमेकडील भिंतीच्या खिडकीचे सांधे पाहून आले, आणि त्यांचा नंबर माझ्या नंबरखाली लिहून स्वयंपाकघरातील कपाटाच्या दाराला आतून चिकटवला.